साठ दिवस : गोंदिया जिल्ह्याचे पाणी नासवणाऱ्यांना जाहीर इशारा

आजपासून दिवस मोजा. साठ.

हा आकडा आम्ही रागाच्या भरात काढलेला नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम ४९ मध्ये तो छापलेला आहे. पाणी नासवणाऱ्याविरुद्ध प्रदूषण नियंत्रण मंडळ कोर्टात गेले नाही, तर कोणीही माणूस जाऊ शकतो. अट एकच : काय गुन्हा घडला आहे आणि आपण फिर्याद करणार आहोत, याची किमान साठ दिवसांची नोटीस त्याने मंडळाला ठरलेल्या नमुन्यात द्यायची. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागत नाही, निवडून यावे लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. अशी फिर्याद करणाऱ्याने मागितले की मंडळाला आपल्याकडचे संबंधित अहवाल त्याला द्यावे लागतात. सार्वजनिक हिताला बाधा येते असे कारण दाखवल्याशिवाय नकार देता येत नाही.

या कायद्याला पन्नास वर्षे उलटून गेली. आपल्याकडे मात्र तक्रार म्हणजे अजूनही तहसील कार्यालयात दिलेले निवेदन, निवेदन देतानाचा फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आणि तिसऱ्या दिवशी नाल्याला तेच पाणी. ती पद्धत आता बंद. यापुढे निवेदन नाही, नोटीस.

इशारा कोणाला, तेही सांगून टाकतो. ज्या गिरणीचे, कारखान्याचे, राखेच्या तळ्याचे किंवा नगरपरिषदेचे घाण पाणी शुद्ध न करता नाल्यात, बोडीत, बांधीत किंवा जमिनीच्या पोटात जाते, त्या प्रत्येकाला. कोणाचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण नाव घेण्याची जागा फिर्यादीत आहे. ज्याचे शुद्धीकरण यंत्र रात्रीही चालते त्याने हे पान उलटून पुढे जावे. ज्याला हे वाचताना आपल्या कंपाउंडमागचा पाइप आठवला, त्याने शेवटपर्यंत वाचावे.

पाणी कुठून येते

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाट ओलांडते आणि आपल्या हद्दीला लागते. गोंदिया शहराच्या नळाला येणारे पाणी डांगोर्लीजवळ याच नदीतून उचलले जाते. उन्हाळ्यात पात्र आटले की पुजारीटोला धरणाकडे डोळे लागतात. पुढे हीच नदी भंडारा, पवनी करत चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाते. आपल्या वर जे राहतात त्यांच्या वापरातले पाणी आपण पितो, आणि आपल्या खाली जे राहतात ते आपल्या वापरातले. नागपूरची घाण नाग नदीतून कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते आणि भंडाऱ्याचे लोक त्याबद्दल ओरडतात, तेव्हा आपण मान डोलावतो. पण पांगोली नदी गोंदियाला लागूनच वाहते. तिच्या काठावर उभे राहून मान डोलावणे अवघड जाते.

खेड्यांचे पाणी तर याहून नाजूक. ते विहिरीचे आहे, हातपंपाचे आहे, विहिरीवर बसवलेल्या नळयोजनेचे आहे. हा जिल्हा मामा (माजी मालगुजारी) तलावांचा, बोड्यांचा, धानाच्या बांध्यांचा. पावसाळाभर आपण जमिनीवर पाणी अडवून ठेवतो. ते मुरते, आणि तेच विहिरीला लागते. आपल्या पूर्वजांनी तलाव बांधले ते या मुरण्याच्या भरवशावर. पण मुरणारी जमीन चांगले पाणी आणि वाईट पाणी असा भेद करत नाही. बोडीत जे सोडाल ते आज ना उद्या खालच्या टोल्यावरच्या घागरीत येते.

धानाचे पाणी

‘धान धुतलेले पाणी, त्यात कसले विष?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. उत्तर ऐका.

अरवा तांदूळ काढणाऱ्या गिरणीला पाणी फारसे लागत नाही. तिचा त्रास धुळीचा आणि कोंड्याचा. उसना तांदूळ काढणाऱ्या गिरणीचे गणित वेगळे. तिथे धान तासन् तास गरम पाण्यात भिजवतात, वाफ देतात, वाळवतात आणि मग भरडतात. भिजवणीचे पाणी बाहेर पडते ते पिवळसर-तपकिरी, आंबूस वासाचे. त्यात धानातली साखर, पिष्ट आणि तुसाचा रंग उतरलेला असतो. हे पाणी ताजे असताना कोणाला मारत नाही. ते साचले की आंबते. त्यातला माल खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, आणि मासळी तोंड वर काढून मरते.

किती प्राणवायू ओढला जाईल, ते मोजण्याचे माप म्हणजे बीओडी. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरला ३० मिलिग्रॅम. उसन्याच्या भिजवणीचे कच्चे पाणी शेकड्यांत मोजले जाते. म्हणजे मर्यादा ओलांडायला गिरणीवाल्याला काही वेगळे पाप करावे लागत नाही. यंत्र बंद ठेवून विजेचे बिल वाचवले की पुरते.

पुढचा भाग डोळ्याला दिसत नाही. असे पाणी मुरत राहिले की जमिनीखालचाही प्राणवायू संपतो. मग माती-मुरमात घट्ट बसलेले लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात उतरतात. विहिरीतून काढताना पाणी स्वच्छ दिसते, आणि तांब्यात ठेवले की काही तासांत तांबूस होते. मात्र एक गोष्ट आपणही नीट समजून घेऊ. काही विहिरींत लोह निसर्गतःच असते, काहींत फ्लोराइडही. म्हणून एकाच विहिरीचे पाणी बाटलीत भरून ‘हे बघा’ म्हणणे कोर्टात टिकत नाही. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाची एक विहीर, एकाच दिवशी तपासा. दोन्हींतला फरक आमचा साक्षीदार असेल.

आणि राख. शंभर किलो धानातून साधारण वीस किलो तूस निघते. बॉयलरमध्ये ते जाळले की चार किलोच्या आसपास राख उरते, आणि ती बहुतांश सिलिका. ती हलकी असते, वाऱ्यावर उडते, पाण्यावर तरंगते. रात्री ट्रॉली भरून नाल्याच्या काठाला रिकामी करायची आणि पहिल्या पावसावर सोडून द्यायची, यालाही कायद्यात विल्हेवाट म्हणत नाहीत.

राखडीचे पाणी

तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे कोळशावरचे वीज केंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के. एवढ्या मोठ्या केंद्राच्या शेजारी राहणाऱ्या गावांनी राखडीचा हिशेब विचारणे हा त्यांचा हक्क आहे. त्याला कोणी विकासविरोध म्हणू नये. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे यांसारखे धातू अल्प प्रमाणात असतात. पिण्याच्या पाण्यात या दोन्हींची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ‘अल्प’ या शब्दावर निर्धास्त झोपता येत नाही.

राखेचा बंधारा फुटला की काय होते, ते पाहायला परदेशी जायला नको. १६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळ कोराडी वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत शिरला, नाल्यातून कोलार आणि कन्हान नदीत गेला, आणि नागपूरच्या मोठ्या भागाला पाणी देणाऱ्या कन्हानच्या उपशावर परिणाम झाला. पाऊस जोराचा होता, हे कारण त्या वेळी पुढे आले. पाऊस दरवर्षी येतो. बंधारा पावसाळ्यासाठीच बांधायचा असतो.

३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रांवर शंभर टक्के राख वापरात आणण्याचे बंधन घातले आहे. वापर कमी पडला तर उरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई. ती राख किती निघाली, किती गेली, किती पडून आहे, हे आकडे तिरोडा तालुक्यातल्या ग्रामसभेसमोर वाचून दाखवायला कोणती अडचण आहे? अडचण नसेल तर वाचा. असेल तर ती सांगा.

कायदा तुमच्या पाइपाला काय म्हणतो

‘नाला कोरडा होता’, ‘आमच्याच जमिनीत सोडले’, ‘नदीत एक थेंबही गेला नाही’. ही तीन वाक्ये सुनावणीत नेहमी ऐकू येतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. या कायद्यातल्या ‘प्रवाह’ या शब्दात नदी येते, काही काळ कोरडा पडणारा ओढा येतो, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित जलाशय येतो आणि भूगर्भातले पाणीही येते. म्हणजे आपली बोडी आली, मामा तलाव आला, आणि ज्या बोअरमध्ये कोणी घाण पाणी उलटे सोडील ती बोअरही आली. कलम २४ जाणूनबुजून प्रदूषक पदार्थ विहिरीत किंवा जमिनीवर जाऊ देण्यालाही मनाई करते. कलम २५ सांगते की मंडळाच्या संमतीशिवाय सांडपाण्याचे तोंड उघडता येत नाही. कलम ३१ प्रमाणे अपघाताने घाण पाणी सुटले तरी ते ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे. आणि कलम ३३-अ खाली मंडळ कारखाना बंद करू शकते, त्याची वीज आणि पाणी तोडायला लावू शकते.

२०२४ साली संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. बऱ्याच गुन्ह्यांतला तुरुंगवास काढून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. काहींनी त्यावर सुटकेचा श्वास सोडला असेल. त्यांनी ती दुरुस्ती पुन्हा वाचावी. संमतीशिवाय कारखाना उभारणे किंवा चालवणे यासाठी दीड ते सहा वर्षांचा कारावास त्या दुरुस्तीतही कायम आहे. दंड भरला म्हणजे भरपाई चुकली, असेही नाही. भरपाईचा रस्ता राष्ट्रीय हरित लवादाकडे जातो. त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्याला आहे. तिथे ‘माझी चूक नव्हती’ हा बचाव चालत नाही, आणि नुकसानभरपाईचा दावा पाच वर्षांपर्यंत करता येतो.

बिछडीचे नाव लक्षात ठेवा. राजस्थानात उदयपूरजवळचे हे गाव. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या रसायन कारखान्यांनी एच-ॲसिड नावाचा रंगद्रव्याचा कच्चा माल फार थोडा काळ बनवला. त्याचा विषारी गाळ उघड्यावर टाकला. तो मुरला आणि विहिरींचे पाणी काळपट-तांबडे झाले. माणसाला पिता येईना, जनावराला पाजता येईना. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घातक धंदा करणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली तरी झालेल्या नुकसानीचा भार त्याच्यावरच. जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही त्याचाच. कंपनीने अर्जांवर अर्ज करून दिवस काढले. २०११ साली न्यायालयाने तिच्याकडून ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये, चक्रवाढ व्याजासह, वसूल करण्याचा आदेश दिला.

या गोष्टीत कारखानदाराला एक धडा आहे : वेळ काढल्याने देणे बुडत नाही, वाढते. आम्हालाही एक धडा आहे आणि तो अधिक कडू आहे : निकाल लागला तोपर्यंत त्या विहिरींवर वाढलेली पोरे मोठी होऊन गेली होती. म्हणून आम्ही विहीर बिघडण्याची वाट पाहणार नाही.

साठ दिवसांचे वेळापत्रक

पंधराव्या दिवसापर्यंत : प्रत्येक उद्योगाने आपल्या फाटकावर मराठीत फलक लावावा. मंडळाच्या संमतीची तारीख, ती कधी संपते, रोज किती पाणी घेतो, किती बाहेर सोडतो, कुठे सोडतो. हे गुपित नाही. संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि बाधित माणसाला ती पाहू द्यायची, असे कलम २५ मध्येच आहे. फलक लागला नाही तर ती नोंदवही आम्ही पाहू आणि गावच्या चावडीवर लावू.

तिसाव्या दिवसापर्यंत : मंडळाने गावकऱ्यांच्या देखत नमुने घ्यावेत. कारखान्याच्या तोंडाशी, नाल्यात वर आणि खाली, विहिरीत वर आणि खाली. वेळ सांगून नव्हे. शुद्धीकरण यंत्र पाहुणे येणार म्हणून सकाळी दहाला सुरू होत असेल, तर पाहुण्यांनी रात्री दोनला यावे.

पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत : अहवाल ग्रामपंचायतीच्या हाती. जिथे पाणी पिण्यास अयोग्य निघेल तिथे त्याच दिवशी टँकर, आणि त्याचा खर्च जिल्हा परिषदेच्या तिजोरीतून नव्हे तर नासवणाऱ्याकडून वसूल.

साठाव्या दिवसापर्यंत : यंत्र नसेल तर उत्पादन बंद. ही मागणी आमच्या पदरची नाही. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेत सांगितले की सांडपाणी शुद्धीकरणाची चालू यंत्रणा नसलेल्या उद्योगांना तीन महिन्यांची जाहीर सूचना द्यावी आणि तरीही यंत्रणा नसेल तर त्यांचा वीजपुरवठा तोडून ते बंद करावेत. त्या तीन महिन्यांची मुदत २०१७ मध्येच संपली. आमचे साठ दिवस ही वरची सवलत समजा.

मंडळाला आणि प्रशासनाला

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. जिल्हाधिकारी आले, पोलीस अधीक्षक आले, जिल्हा परिषद आली. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय मात्र भंडाऱ्याला. नाल्याला रात्री फेस आला तर अधिकारी सकाळी निघणार, दुपारी पोहोचणार, तोवर नाला वाहून मोकळा. या जिल्ह्यात नमुने घेण्याचा अधिकार असलेला माणूस कायम बसला पाहिजे, ही आमची मागणी साठ दिवसांत पूर्ण होणार नाही हे आम्हाला कळते. ती कधी पूर्ण होणार, एवढे लेखी उत्तर साठ दिवसांत देता येते.

उपविभागीय दंडाधिकाऱ्यांनाही स्मरण. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा आदेश देण्याचे अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ ने त्यांच्याकडे आहेत, आणि त्यासाठी मुंबईला फाइल पाठवावी लागत नाही. नगरपरिषदांनी स्वतःला फिर्यादी समजू नये. शहराची गटारे नदीत सोडणारी नगरपरिषद आमच्या यादीत कारखान्यांच्या शेजारीच आहे. ‘आमच्याआधी त्यांना पकडा’ असे एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय आम्ही कोणालाच ठेवलेली नाही.

रोजगाराच्या नावाने

‘गिरणी बंद झाली तर हमालाच्या घरची चूल कोण पेटवील?’ हा सवाल खरा आहे आणि तो हमालाने विचारला तर आम्ही मान खाली घालून ऐकू. मालकाने विचारला तर उलट विचारू : त्या हमालाच्या घरचे पाणी कोणत्या विहिरीचे? गिरणीच्या खालच्या अंगाला वस्ती त्याचीच असते. बाटलीबंद पाण्याचा जार त्याच्या अंगणात उतरत नाही. त्याची मजुरी आणि त्याचे पाणी यांत निवड करायला लावणारा धंदा मुळात तोट्याचा आहे. तो तोटा मालकाच्या वहीत चढत नाही, एवढेच. शुद्धीकरण यंत्र चालवूनही उसना तांदूळ निघतो. प्रामाणिक गिरणीवाला यंत्राचा खर्च भावात धरतो, आणि चोरटा तो खर्च विहिरीवर टाकून त्याच्यापेक्षा स्वस्त विकतो. म्हणून या लढ्यात प्रामाणिक गिरणीवाल्याने आमच्या बाजूला उभे राहावे. त्याचाही फायदा आहे.

आणि आपल्या लोकांना

साठ दिवस आपलेही आहेत. जल जीवन मिशनखाली गावागावांत पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण द्यायचे होते, तपासणीचे संच द्यायचे होते. आपल्या गावचा संच कुठे आहे ते शोधा. तो कपाटात असेल तर बाहेर काढा. त्यावर लोह, नायट्रेट, फ्लोराइड कळते. आर्सेनिक आणि शिसे कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच. नाल्याचा नमुना प्रयोगशाळेत न्यायचा तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून त्याच दिवशी न्या, नाहीतर बीओडीचा आकडा खोटा येतो आणि खोटा आकडा समोरच्याच्या कामी येतो. आपण भरलेली बाटली मंडळाच्या कायदेशीर नमुन्याची जागा घेत नाही; पण मंडळाला नमुना घ्यायला भाग पाडते.

वही ठेवा. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, मेलेली मासळी, फोटो. तलावाचा ठेका घेणारी ढिवर मंडळी आणि शिंगाड्याचे पीक काढणारे लोक पाण्यात पाय घालून दिवस काढतात. पाणी बदलले की त्यांना आपल्याआधी कळते. त्यांचे म्हणणे वहीत पहिल्या पानावर लिहा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत हातात आल्याशिवाय उठू नका.

आणखी एक. दगड उचलायचा नाही. फाटक तोडायचे नाही, ट्रक अडवायचा नाही, कामगारावर हात टाकायचा नाही. एक काच फुटली की गुन्हेगार आपण ठरतो आणि नाला विसरला जातो. हे त्यांना हवेच असते.

एकसष्टावा दिवस

मंडळाला द्यायच्या नोटिशी गावोगावहून आजच निघत आहेत. प्रत्येकीत ठिकाण आहे, तारखा आहेत; वहीतल्या नोंदी फिर्यादीत असतील. कोणी मध्यस्थ पाठवू नये. ‘बसून मिटवू’ या वाक्यात बसणारे दोघे असतात, पाणी पिणारे हजारो. मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेला पंखे, मंडईच्या दिवसांत दंडारीला वर्गणी, यांतले काहीही बिघडलेल्या विहिरीचा मोबदला म्हणून स्वीकारले जाणार नाही.

ज्यांना यंत्र बसवायचे आहे त्यांनी बसवावे. ज्यांचे बसवलेले आहे पण बंद आहे त्यांनी आज रात्रीच बटण दाबावे. ते काम साठ दिवसांचे नाही, साठ सेकंदांचे आहे.

एकसष्टाव्या दिवशी आम्ही तुमच्या फाटकावर येणार नाही. घोषणा ऐकू येणार नाहीत, पोलीस बंदोबस्त मागवण्याची तसदी घेऊ नका. त्या दिवशी सकाळी अकराला आम्ही कोर्टात असू, वही घेऊन.